सुईचं उसं

इंगवले वहिनींनी शर्ट काउंटरवर पसरला
आणि पंचनामा सुरू झाला.
बेंबीच्या जरा वर, बटणाच्या शेजारी
चार भोकं. मोहरीएवढी.
"मशीन खातंय बघा कपडे.
जुनं होतं ते असलं काही करत नव्हतं."

गंगावेशीत माझं दुकान, साडेपाच फूट रुंद.
रफू, पिको, फॉल, चेन बदलून मिळेल.
सत्तावीस वर्षं मी भोकं वाचते.
झुरळाचं कडेनं कुरतडलेलं असतं,
विडीचं गोल, काठाला तपकिरी,
आणि जे खिळ्याला अडकून फाटलं म्हणतात
ते दर वेळी खिळ्याचं असतंच असं नाही.
पण ही मोहरी नवीन.
अलीकडं रोज एक तरी येते.

तौफिक मुजावर उद्यमनगरात मशीनं उघडतो.
चहाला आला होता, पान्ह्यानं पाठ खाजवत म्हणाला,
"मावशी, मशीनला दात नसतात.
आधीचं म्हशीगत पाणी प्यायचं, कपडे पोहायचे.
आताचं पितंय चिमणीएवढं,
मग कापड कापडालाच घासणार की.
त्यात सातच्या ड्रममध्ये अकरा किलो कोंबायचे,
जीनची चेन उघडी,
पावडर तर जोतिबाला गुलाल उधळल्यासारखी."

वहिनींचे मालक शिरोलीला फौंड्रीत.
खिशातनं घरी येणारी काळी वाळू
आणि लेकीची जॉर्जेटची ओढणी
एकाच फेऱ्यात गरगरतात.
हे त्यांनी सांगितलं नाही.
शर्टाच्या शिवणीत बोटाला लागलं.

समोरून बाबू परीट इस्त्री आडवी ठेवून आला.
तरुणपणी पंचगंगेच्या घाटावर धुवायचा.
"धोंडा काय लाड करायचा व्हय?
बटणं फुटायची, कॉलरी उसवायच्या,
आणि गिऱ्हाईक म्हणायचं, झकास निघालंय."
शर्ट त्यानं ट्यूबलाइटसमोर धरला.
पलीकडं तौफिकचा चेहरा दिसला, हसणारा.
"हे कापड हाय का? ह्याच्यातनं चहा गाळावा."

तिघंही खरं बोलत होते.
रफूत तसं चालत नाही,
कुठल्या तरी एका धाग्यापासून सुरुवात करावीच लागते.

माझ्याही घरात एक आहे, हप्त्यावरचं.
मनगटं गेली तेव्हा घेतलं.
सोलापुरी चादर पिळायला दोघी लागतात,
आणि घरात मी एकटी.
पहिल्यांदा खालची जाळी उघडली
तर हातात ओला, करडा गोळा आला,
उंदराच्या पिलासारखा.
उकलला. त्यात निळं होतं, गुलाबी होतं,
पदरातल्या जरीची एक चमक,
आणि बहुतेक तो पिवळा परकर, जो अजून मी नेसते.
इतकं सगळं निघून गेलं होतं
आणि दोरीवर कपडे तेवढेच.

मी तो टाकला नाही. खिडकीत वाळवला.
तौफिकला म्हटलं, जाळ्या साफ करशील ते आणत जा.
तो म्हणाला, मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?
शनिवारी मात्र पिशवी घेऊन हजर.
"ही शाहूपुरी. ही कसबा बावडा. हे काळं लै होतं, ते शिरोली."
खणाच्या तुकड्यात सगळं भरलं, तोंड शिवलं.
सुयांना उसं झालं.

तर त्या शर्टाला मी आतून चिंधी लावली,
भोकं चारही बुजवली.
वहिनींना सांगितलं, उलटा करून घाला,
चेनी लावा, वाळू झटका, थोडेथोडे धुवा.
त्या मान हलवत होत्या,
नजर रिक्षाकडं.
"परत पडणार नाहीत ना?"

तीस रुपये, मी म्हटलं,
आणि सुई उशात खोचली.
तिथं ती आवाज न करता जाते,
थेट नाकापर्यंत.