कौल

खानापुरात, कौलांच्या कारखान्यात
आई ओली कौलं उन्हात मांडायची.
प्रत्येकाच्या पोटाला कंपनीचं नाव, खाली हत्ती.
मी विचारलं, माझं नाव कधी?
आधी लिहायला तर शीक की, म्हणाली.

शिकले.
मराठी शाळेत भागीरथी झाले,
कानडी रेशनकार्डावर भागव्वा,
सासरी नुसतंच ‘अगं’.
त्यातच पन्नाशी उलटली.

परवा घर परतताना अकरा कौलं कमी पडली.
भट्टीवर इनास मेस्त्री एकटाच, कोपरापर्यंत चिखल.
म्हटलं, एक ओलं दे गा, थोडा वेळ.
तो हसला नाही.
हत्तीची शेपूट तेवढी वाचव, म्हणाला,
बाकी जागा तुझी.

अंबाड्यातला आकडा काढला.
केस सुटले, सुटू दिले.
भ. काना. ग.
दुसरा उकार जरा लांबला,
शेपटीवरून गेलाच.

भाजून आलं. लेकानं चढवलं
बरोबर माझ्या अंथरुणावर,
अक्षरं खाली, माझ्याकडे तोंड करून.

आता दिवा मालवायला उशीर होतो.
सून विचारते,
आत्ती, एवढं वर काय बघताय?
पाल आहे गं, म्हणते.
हत्तीवर बसलीय.