इतर निरीक्षणे

नाम्पुलाच्या प्रयोगशाळेत पंखा एकच,
तोही सेन्योर बाल्तझारांच्या खोलीत.
मी बाटल्या हलवत बसते:
मुसिरोचं मूळ, मुसिरोची साल,
पाण्यातला अर्क, अल्कोहोलातला अर्क,
प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर माझं किरटं अक्षर.

दंडाच्या आतल्या अंगाला सहा चौकोन आखायचे,
दिव्याखाली धरायचे, दुसऱ्या दिवशी लाली मोजायची.
चौथा चौकोन कमी लाल. जरासाच.
"जरासाच" अहवालात चालत नाही,
तिथं दशांशचिन्ह लागतं.

शनिवारी बेटावर गेले, लाकूड विकत घ्यायला.
लांबलचक पूल, टेम्पोचा हौदा उघडा;
उतरेपर्यंत माझंच नाक भाजून निघालं.

आतिजाच्या दारात पोवळ्याचा दगड, मधोमध खोलगट,
वाटणीत बहिणींशी भांडून मिळवलेला.
चार थेंब पाणी. लाकूड उगाळताना ती बोलत नाही,
थुंकी उडते म्हणते.

झैतुना उंबऱ्याच्या आत,
सावली संपते तिथून वीतभर मागं.
सहा वर्षांची. पापण्या पांढऱ्या,
केस मक्याच्या तुऱ्यासारखे.
मानेवर जुनं भाजलेलं, त्यावर नवं भाजलेलं,
खांद्यावर एक खपली,
जिच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं.

बोलायलाच हवं होतं ते बोलले:
आतिजा, यानं आग निवेल कदाचित, लाली उतरेल,
पण ऊन अडणार नाही. माझ्या बाटलीतल्यानंही नाही.
लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, दवाखान्यातलं मलम,
आणि ही खपली डॉक्टरांना दाखव. सोमवारीच.

खिळ्याला टोपी होती. दोरीवर लांब बाह्या वाळत होत्या.
"मलम महिन्याचे दहा दिवस पुरतं," ती म्हणाली,
"उरलेले वीस तू मोज."

मग तिनं लेकीच्या तोंडाला लेप लावला,
कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, थेट कानाच्या पाळीपर्यंत.
मग स्वतःच्या. मग शेजारची मुआनाशा आली,
दगडावर उरलेलं बोटानं पुसून घेतलं,
तिच्या दोन पोरींनी भांडून.

ऊन कलल्यावर सगळ्या नळावर गेल्या.
परतताना गल्लीच्या तोंडाशी दिसल्या:
डोक्यावर बादल्या, टोप्या, ओढून बांधलेले रुमाल,
अन् एकजात पांढरेफटक चेहरे.
झैतुना कोणती, मला
त्या हाकेच्या अंतरावर येईपर्यंत कळेना.
आतिजानं माझ्याकडे पाहिलं, काही म्हणाली नाही.

सोमवारी तक्ता भरला. चौथा चौकोन, दशांशचिन्हासकट.
खाली एक रकाना असतो: इतर निरीक्षणे.
पेन टेकवून बसले, शाईचा ठिपका पसरत गेला.
"काही नाही, असं लिही," सेन्योर बाल्तझार म्हणाले.
मी लिहिलं: टोपीसह वापरावे.

खपलीचा तुकडा तपासायला गेलाय. उत्तर यायचंय.
बाहेर बाकावर झैतुना
नाकावरचा वाळका लेप सोलतेय,
अखंड निघालेला पापुद्रा उजेडात धरून
आईला दाखवतेय.