फुटलेल्या काचेचा अर्थ

दिवा म्हणजे वाऱ्याशी केलेला करार,
ओबेड रिंगर म्हणायचा,
आणि कानामागची पेन्सिल काढायचा.

वारा आत यायला हवा, नाहीतर वात गुदमरते.
वारा आत यायला नको, नाहीतर वात विझते.
या दोन वाक्यांच्या मधे
मी त्या हिवाळ्यात सहाशे रेघा मारल्या असतील,
सस्क्वेहानाकाठच्या कारखान्यात,
दौत शेगडीजवळ ठेवून, शाई गोठू नये म्हणून.

टोपीखाली भोकांचे दोन पत्रे, एकमेकांची भोकं चुकवणारे,
म्हणजे झोत वळसे घेत घेत दमेल
आणि वातीपाशी पोचेपर्यंत माणसात येईल.
तळाशी आठ दिवसांचं रॉकेल.
पाठीला बोटाच्या पेराएवढी काच,
केबिनमधल्या माणसाला कळावं, दिवा जागा आहे.

इतका विचार केला होता.
फुटलेल्या काचेचा तेवढा राहिला.

त्या काळी पांढरा म्हणजे ये, रस्ता मोकळा.
लाल म्हणजे थांब.
हिरवा मधलाच कुणीतरी, जपून म्हणणारा.

मार्चमधे गिलेटच्या वळणावर गारा पडल्या.
लाल काच चौकटीतून निखळून गवतात गेली
आणि दिवा आपलं काम करत राहिला.
तेच तर.
विझला असता तर बरं झालं असतं.
आमची वात थरथरली नाही, आमची भोकं तुंबली नाहीत,
सहाव्या दिवसाचं तेल
सहाव्या दिवशी जळावं तसं जळलं,
आणि उघडी ज्योत
मैलभर लांबून स्वच्छ म्हणाली: ये.

लेम्युएल प्रॉसर आला, मागे बावीस डबे कोळसा.
पुढे उभ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात
तिघं पत्ते खेळत बसले होते.

रिंगरनं तो दिवा मागवून घेतला.
पुसला नाही. टेबलावर ठेवला
आणि दिवसभर भलत्याच एका बिजागरीबद्दल बोलत राहिला.
अंधार पडल्यावर म्हणाला,
'चांगला बनवला होता रे आपण.'

मग पांढऱ्याला कामावरून काढलं.
मोकळ्या रस्त्यासाठी आता हिरवा.
पण हिरव्या काचेतून रॉकेलची ज्योत
दूरवर पिवळटच दिसायची, आजारी,
पांढऱ्याचीच चुलत बहीण.
भट्टीवरची ऑटिली क्रांझ एक काच घेऊन आली,
एप्रनमधे गुंडाळून. निळी.
'हिरवी मागितली होती,' रिंगर म्हणाला.
'तुमची ज्योत पिवळी आहे,' ती म्हणाली,
'तिला तिचा वाटा उचलू द्या.'

रात्री ती कुंपणापाशी दिवा धरून उभी राहिली,
मी गोठलेल्या शेतातून उलटा चालत गेलो,
पावलं मोजत. नऊशेला घसरून पडलो.
दोन हजारांवर मान वर केली:
हिरवा.
काचेत नव्हता तो, ज्योतीत नव्हता,
त्या दोघींच्या मधे कुठेतरी होता
आणि माझ्यापर्यंत येताना एकदाही डगमगला नाही.
मी ओरडलो. तिला ऐकू गेलं नसावं,
ती हात बदलून बदलून दिवा धरत राहिली.

जूनमधे प्रॉसर कारखान्यात आला.
उडी मारली होती त्यानं, डावी बाही रिकामी होती.
आम्ही खुर्ची दिली, तो बसला नाही.
नवा दिवा त्यानं उजव्या हातानं फिरवून पाहिला,
लाल, निळी, पाठीची बारकी,
नखानं काचेची कड तपासली.

'आणि ही फुटली तर?'
'तर पांढरा दिसेल,' रिंगर म्हणाला.
'आणि पांढरा म्हणजे?'

रिंगरनं पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली.

'पांढरा म्हणजे, काहीतरी फुटलंय.
थांब.'

प्रॉसर बराच वेळ दिव्याकडे बघत राहिला,
दिवसाउजेडी, न पेटवलेल्या.
मग टोपी काखेत धरून
एका हातानं दार उघडायला लागला
आणि आम्ही दोघंही, का कोण जाणे,
मदतीला उठलो नाही.