सोनडोक्या

एका अंगाला बाल्टिक, दुसऱ्या अंगाला तळं,
मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पाइनचं रान,
आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात
त्या पट्टीवरून अख्खं आकाश उत्तरेला निघालेलं.

इल्गवार्स पहाटे साडेचारला उठतो.
आधी उशीखालचा काळ्या पावाचा तुकडा तोंडात टाकतो:
उपाशीपोटी पक्षी कानावर पडला
तर वर्षभर काही धड होत नाही, अशी इकडची समजूत.
मग गळ्यात दुर्बीण, खिशात पेन्सिल,
आणि माझ्या हातात थर्मास.
मी त्याची भाडेकरू. होडीच्या शेडवरची खोली,
महिना ऐंशी युरो, अधिक थर्मास उचलणे.

क्रौंच: एकशे चाळीस. हंस: धुक्यात गेले, अंदाजे.
फिंच इतके, की दहा-दहाची गाठोडी बांधत
तो पुटपुटत जातो,
जप करणाऱ्यासारखा नव्हे, किराणावाल्यासारखा.
वहीत सत्तेचाळीस वसंत आहेत.

एका रकान्यात मात्र शून्य.
काल शून्य, परवा शून्य,
गेल्या साली, त्याआधी, त्याच्याही आधी.
पेन्सिल दोनदा फिरवून काढलेलं,
उगाच कुणाला सहा वाटायला नको.
सोनडोक्या म्हणतात त्याला इथं:
पाच ग्रॅमचा जीव, टाळूवर पिवळी रेघ,
आवाज सुईच्या टोकाएवढा.
"संपले," इल्गवार्स म्हणतो. "जंगलं तोडली, फवारे मारले.
मी पोरगा होतो तेव्हा या झाडाखाली
उभं राहवत नसे, इतकी किणकिण."

त्याच झाडाखाली उभा राहून म्हणतो.
आणि त्याच्या टोपीपासून तीन हात वर
किणकिण चाललेली असते.

मी मोजते, खिशातल्या खिशात, बोटांवर.
अकरा.
कॉफी ओतते.

माझं काम रात्रीचं.
कंपनीला पवनचक्क्या उभारायच्यात;
त्याआधी अंधारात इथून कोण जातं
याची मोजदाद हवी.
द्झिद्रा बर्चच्या रसाचा पेला ओट्यावर ठेवून जाते,
तळाशी फुगलेले मनुके.
मी डबी सुरू करते, काटा अडतीस हजारांवर.
माणसाचा कान विसापर्यंत, तोही कोवळा असेल तर.

आधी नुसती खरखर.
मग टप. टप. टपटप,
ओल्या फरशीवरून कुणी अनवाणी पळाल्यासारखं,
आणि किडा तोंडात आला की
कापड फाडल्यासारखं फर्रर्र.

इल्गवार्स कधी मागे येऊन उभा राहिला, कळलं नाही.
"कोण आहे?"
"वटवाघूळ. आठ ग्रॅम. फ्रान्सकडून आलंय.
माद्याच येतात इथवर. नर वाटेतच राहतात."
"हलकट," द्झिद्रा खिडकीतून म्हणाली.
"आणि डबी नसती तर?"
"तर काही नाही."

त्यानं डबी बंद करायला लावली. समुद्र.
चालू. टपटप. बंद. समुद्र. चालू.
पाच-सहा वेळा; दिव्याच्या बटणाशी मूल खेळतं तसं,
पण चेहरा मुलाचा नव्हता.

"आज सकाळी," तो म्हणाला, "त्या झाडावर."
"हो."
"किती?"
"अकरा."

वही आणली. टॉर्च मी धरला.
शून्याच्या पोटातून उभी रेघ मारली,
शेजारी अकरा लिहिले, पुढे माझं नाव,
खरेदीखतावर साक्षीदाराचं लिहितात तसं: मादारा.
मग मागची पानं उलटली.
तीन वर्षांची शून्यं, दोनदा गिरवलेली.
त्यांचं काय करायचं ते त्यानं विचारलं नाही,
मीही सुचवलं नाही.
"म्हणजे गेले ते माझे कान," एकदम म्हणाला.
"बरं झालं बाई. मला वाटलं होतं, ते गेले."

पहाटे दारात अडवलं मला.
तळहातावर पावाचा तुकडा,
चपटा, उशीच्या उबेचा.
"आधी खा."

थर्मास आज त्याच्या हातात होता.