झीलकरी

नाव कारभारी,
पण पार्टीत उभे राहायचे मागं, डाव्या अंगाला,
माईकच्या दांड्याआड.
म्हणून अकरा फोटो जुळवले तरी
दादांचा एक अख्खा चेहरा होत नाही.
एकात कान. एकात फेट्याचा शेव.
एकात नुसतं तुणतुणं, काखेतून वर आलेलं.

ते त्यांनी स्वतः केलेलं.
दूध पावडरचा डबा, बकऱ्याचं कातडं, वेळूची काठी,
तार देवी चौकातल्या सायकलवाल्याकडची.
थंडीत कातडं सैल पडायचं, ते चुलीशी घेऊन बसायचे.
आई म्हणायची,
आधी भाकर शेकू द्या, मग तुमचा डबा.

चौथीत बाईंनी विचारलं, वडील काय करतात?
म्हटलं, प्रेसला आहेत.
नाशिकरोडला असं सांगितलं की पोरं लगेच विचारतात,
नोटा आणतात का गं घरी?
म्हटलं, नाही. गातात.
काय गातात?
मी उभी राहून गाऊन दाखवलं:
जी जी रं जी.
पुढं?
पुढं काही नव्हतं.
वर्ग हसला, बाईसुद्धा.
त्या दिवसापासून मी दादांना
कार्यक्रमाला जाताना डबा हातात दिला नाही.

मार्चमध्ये गेले. पहिल्या पाळीचा भोंगा झाल्यावर,
जणू वेळेवर पोचायचं होतं.

जलदान विधीला पार्टी आली.
होते तेवढे चौघे.
ढोलकीचे सुकदेव निकम, गुडघ्याला पट्टा.
झांजेचे पुंजाराम, कानात मशीन,
आपलीच झांज मोठी वाजते म्हणून ते काढून खिशात ठेवलेलं.
डफ घेऊन एक नवा पोरगा, त्याला कुणी नाव विचारलं नाही.
आणि शाहीर रंगनाथ दोंदे,
दोन माणसांनी धरून खुर्चीवर बसवलेले.

मी त्यांना कॅसेट दाखवली, देवळाली गावातली,
एका बाजूला कुणाच्या तरी हळदीचा गोंधळ भरलेला.
म्हटलं, शाहीर, इथं ऐका,
इथं दादा चुकलेत. जी संपतच नाही.
मात्रा वर मात्रा चाललीय.

ते ऐकत राहिले.
मग हसले, दात नसलेलं.
म्हणाले, पोरी, ते नाही चुकलं. मी विसरलो.
पुढची ओळ पार पुसली गेली होती डोक्यातून.
तुझ्या बापानं जी लांबवली,
तिथं तिथं समज रंगनाथ विसरला.
चाळीस वर्षं. लोकांना वाटायचं, काय झील आहे.

मी कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली.
किती जागा निघाल्या.

मग गाणं सुरू झालं.
शाहिरांनी दोन कडवी म्हटली, तिसऱ्याला अडले.
मान आपोआप डावीकडं वळली.
तिथं मांडवाचा खांब.
सुकदेवनं ठेका धरून ठेवला, किती धरणार.
रुळावरून मालगाडी निघाली होती,
ती डबा डबा सरकत राहिली,
आम्ही सगळे तिचाच आधार घेऊन गप्प.
माझ्या घशापर्यंत जी आली. वर नाही आली.

आणि आतून, भांडी आवरता आवरता,
आईनं ती ओळ सांगितली.
गाऊन नाही. मीठ कुठं आहे सांगावं तशी.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.
ती म्हणाली, मला कुठलं येतंय.
रोज दाढी करताना म्हणायचे.
पहिल्यापासून शेवटापर्यंत, सगळी कडवी, सगळे पोवाडे.
मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

म्हणजे ओळ त्यांना ठाऊक होती.
प्रत्येक वेळी. ओठावर असणार.
ती गिळून हा माणूस
एकाच अक्षरावर श्वास ताणत उभा राहिला,
दुसऱ्याला त्याची त्याला सापडेपर्यंत.

शाहिरांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला.
म्हणाले, वहिनी, परत सांगा.