दीड इंच

मंगळवारच्या डाकेनं यायची डेल्फीन,
शिकागोहून, खाकी पाकिटात.
दोनशे गावांना मिळून एकच डेल्फीन,
आमच्या वाट्याला तिच्यातले अकरा इंच.

ती पाठवायची साडेबारा.
वरचा दीड इंच कापणं माझं काम.
मेणाचा रोलर, पातं, उतरतं टेबल,
खिडकीबाहेर धान्याचं कोठार
आणि त्यापलीकडे नॉर्थ डकोटा,
नजरेला कुठेच न अडणारा.

माझ्याआधी ऑर्व्हल हॉगन निळी पेन्सिल फिरवायचा.
डेल्फीन अवयवाला अवयवाचंच नाव द्यायची,
ऑर्व्हल तिथे लिहायचा 'जवळीक'.
एकदा एका गृहस्थाची जवळीक दुखत होती,
सायकल चालवून सुजली होती.
आम्ही दोघी टाइपसेटर मेणावर डोकं टेकून हसलो.
चर्चच्या तळघरात मात्र कोणी हसलं नाही.
तिथे कॉफी पिताना
डेल्फीन कोणीच वाचत नसे
आणि सगळ्यांना पाठ असे.

त्या फेब्रुवारीत एक पत्र होतं.
सही: खिडकीकडच्या पलंगावरचा.
लग्नाला एकतीस वर्षं. बायकोचं ऑपरेशन झालं,
तेव्हापासून दोन पलंग, मध्ये टेबल,
टेबलावर माझ्या दातांचा पेला.
ती जागी असते, मला कळतं.
माझा हात तिथवर पोचतो.
पोचल्यावर त्यानं काय म्हणायचं, तेवढं सांगा.

उत्तर मी वाचलं नव्हतं, खरं सांगते.
मी मापत होते.
खाली टायरची जाहिरात बसेना
आणि घाईत वाक्याच्या मधूनच पातं गेलं:
'ती पाठ करून झोपली असेल, तर,'
त्याखाली टायर, चार घेतल्यास सवलत.

शुक्रवारी काउंटरवर मार्लिस टॉफ्ट.
बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळतोय,
हातात घडी केलेलं पान.
'स्वल्पविरामावर कसं काय संपतं?
माझ्या बहिणीला हवंय.'
मार्लिसला बहीण नव्हती.

केराच्या डब्यात मी कोपरापर्यंत हात घातला.
सफरचंदाचा गाभा, मयतांच्या बातम्यांच्या कडा,
शेवटी पट्टी सापडली, बाहीलाच चिकटलेली.
तिनं ती उभ्यानंच वाचली, टोपी न काढता:

'त्या पाठीवर तळहात ठेवा.
काही मागू नका, काही बोलू नका.
झोप लागली तर हात तिथेच राहू द्या.'

'माझाच आहे हा,' ती म्हणाली, बहीण विसरून.
'पेला बघ ना. त्याचाच पेला.'

मी बोलले नाही
की दोनशे गावांत छापलंय हे,
ओरेगॉनात, टेनेसीत,
जिकडेतिकडे दोन पलंग
आणि मधल्या टेबलावर कुणाचे तरी दात.
की पत्रं छापून यायला चार-चार महिने लागतात
आणि तुझं ऑपरेशन, मार्लिस, नाताळानंतरचं.

'किती जागा लागली असती याला?'
'दीड इंच.'
ती बराच वेळ टायरकडे बघत राहिली.
मग पट्टी हातमोज्यात सरकवली,
तळव्याच्या बाजूनं.

एप्रिलात छोट्या जाहिरातींत मीच लावलं:
विकणे आहेत. सिंगल पलंग, दोन, गाद्यांसह.
फोन सहानंतर. टॉफ्ट.
तीन आठवडे चाललं, मग त्यांनी थांबवलं.
पलंग गेले की विचार बदलला,
हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी मात्र तेव्हापासून आधी उत्तर वाचायचे,
मग पातं उचलायचे.
ऑर्व्हलला सांगितलं, टायर जरा लहान करावे लागतील.
'टायर?' तो म्हणाला. 'टायर कसे लहान होतील?'
तरी झाले.