सुवाच्य

माझं अक्षर चांगलं आहे.
हे मी नाही, सोसायटी म्हणते.
पाणी कधी येणार, गच्चीची किल्ली कुणाकडे,
सगळं लिहायला माझ्याकडेच येतं.
एकतीस वर्षं टपाल खात्यात काढली,
रफार कधी शेजारच्या अक्षरावर गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी निमकर पुठ्ठा घेऊन आले.
मार्कर त्यांचा, मजकूरही त्यांचाच:
'घरकाम व कचरा गोळा करणाऱ्यांनी
जिन्याचा वापर करावा.'
मी एवढंच विचारलं,
'जिन्याचा' खालच्या ओळीत घेऊ? मध्यावर बसेल.
मध्यावर बसलं.
निमकर म्हणाले, व्वा.

कर्वेनगरात चार मजले म्हणजे काही फार नाही.
अठ्ठ्याहत्तर पायऱ्या.
(नंतर मोजल्या. लिहिताना नव्हत्या मोजल्या.)
द्रुपदाबाई आवळे सातला यायच्या,
आधी रिकाम्या हाताने पार वर जायच्या,
म्हणजे ओझं उतरताना वाढतं, चढताना नाही.
हा हिशेब त्यांचा त्यांनीच बसवलेला.

श्रावणात माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली.
काचा गोळा केल्या, पिशवीत भरल्या,
पिशवी दाराबाहेर. संपलं.
दुसऱ्या दिवशी बाईंच्या अंगठ्याला चिंधी,
चिंधीतून डोकावणारी हळद,
हळदीच्या कडेला काळं पडलेलं रक्त.
कुणाची काच, ते बोलल्या नाहीत.
मोहरीचा वास काय एकट्या मलाच येतो?
म्हणाल्या, "आज वला जास्त हाय जणू."

तेव्हापासून बांधून ठेवतो.
ब्लेड, बल्ब, हिच्या इन्सुलिनच्या सुया.
वर्तमानपत्राचे तीन वेढे, सुतळी,
वर ठळक: काच आहे. जपून.

एकदा पुडक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या,
"वाचता येत न्हाई मला, पण वळण वळखते.
लिफ्टपाशी लिवलंय, त्येच ना हे?"
आवाजात राग नव्हता.
कोडं सुटल्यासारख्या हसत होत्या.
राग असता, तर मला काही उत्तर देता आलं असतं.

त्या रात्री खाली गेलो, पुठ्ठा काढायला.
पुठ्ठा केव्हाच गेला होता.
निमकरांनी अ‍ॅक्रिलिक करून घेतलं होतं
माझ्याच अक्षरावरून, निळ्यावर पांढरं,
चार कोपऱ्यांत चार स्क्रू.
माझ्या खिशात फक्त चष्मा.

बैठकीत विषय काढला, 'इतर विषय' मध्ये, चहाच्या जरा आधी.
तीन हात वर झाले.
त्यातला एक पंख्याच्या बटणाकडे गेलेला.

म्हणून आता पावणेसातला मीच उतरतो, जिन्याने.
माझी बादली, शेजारच्या देवस्थळींची बादली
(आधी नको नको म्हणायच्या, आता दाराशीच ठेवतात).
तिसऱ्या मजल्यावर ईरा भेटते,
गणवेश, ओल्या केसांच्या दोन वेण्या,
पाठीला दप्तर, हातात घरचा कचरा,
नाक दाबायला तिसरा हात नाही म्हणून तक्रार.
दुसऱ्या मजल्याची दारं उघडत नाहीत.
पहिल्यावर निमकर. तेही नाही.
तिथवर बाईंना अजून चढावंच लागतं.

याने काय होतं?
पाटी तिथेच आहे. महिन्याचे पैसेही तेवढेच.
अठ्ठ्याहत्तरांतल्या काही पायऱ्या
एका गुडघ्यातून निघून दुसऱ्या गुडघ्यात जातात, इतकंच.
आणि लिफ्ट
कुणालाही न घेता उगाच वर जाऊन येते.

परवा दिवे गेले होते.
वळणावर काळोख, दोन्ही हातांत बादल्या.
ईरा पुढे निघून गेलेली.
खालून आवाज आला,
"जपून, काका.
एक बादली ठिवा, कठडा धरा.
शेवटची पायरी फुटलीया."

ती कधीपासून फुटली आहे,
बावीस बिऱ्हाडांत कुणालाच ठाऊक नव्हतं.